वरच्या मजल्यावरचा स्टोव्ह

११ नोव्हेंबर. संध्याकाळी.
आज घरमालकीण ओन्दीनाबाईने माझा अपमान केला. लिहून ठेवतो, म्हणजे राग थंड व्हायला नको. बाकी सगळं थंडच आहे. रेडिएटर सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास, बस. बॉयलरचं बटण तिच्या स्वयंपाकघरात. खाली जाऊन नीट सांगितलं की वर बर्फ होतोय. ती मक्याच्या पिठाची पोलेंता घोटत होती, मान पण वळवली नाही. म्हणाली, "सावेरियो, तुम्हा दक्षिणेकडच्या लोकांना ऑगस्टमध्येपण हुडहुडी भरते. दोन मोजे घाल की." आणि हसली.
सूड घेणार. कसा, ते अजून ठरलं नाही.

१३ नोव्हेंबर
ठरलं. स्वतःचा स्टोव्ह. पेलेटचा. भुसा दाबून केलेल्या गोळ्या वरून ओतायच्या, बटण दाबायचं, की खोलीची भट्टी. इथे उत्तरेच्या डोंगरात, कार्नियात, घरोघरी आहे, फक्त या म्हातारीकडे नाही. मग खाली जाऊन सांगणार, ठेवा तुमची ऊब तुमच्याकडे, बाई! तेव्हा तिचा चेहरा कसा होईल, तो आरशात करून पाहिला.
आईला फोन केला. सात डिसेंबरला येतेय, पार दक्षिणेतून, कालाब्रियाहून, दुखरा गुडघा घेऊन, पहिल्यांदाच. तिला एकच भीती, थंडीची. म्हटलं आई, माझा स्टोव्ह आहे ना, खिडकी उघडून झोपावं लागतं. स्टोव्ह अजून घेतलेला नाही. पण आता घ्यावाच लागेल, म्हणजे बरंच झालं.

१६ नोव्हेंबर, शनिवार
घेतला! फोनवर जाहिरात होती. शेजारच्या गावचा दोरीनो. सहा वर्षं वापरलेला, लाल रंग, कडेला टवका. दोरीनो बोलतच सुटला. राख रोज काढ, पेलेट कोरडे आणि चांगले घे, धुराड्याचा माणूस बोलाव, पाइप छपरावर ने, त्याच्याकडून दाखल्याचा कागद घे. मी म्हटलं काका, तीन वर्षं लाकडाच्या गिरणीत करवतीवर आहे मी, मला लाकूड शिकवू नका. म्हणाला, "बरं बाबा, तू गुरू." माणसाची पारख आहे त्याला.
जिन्यावरून चढवताना ओन्दीनाबाई दारात. "हे काय, फ्रिज आणलास?" उत्तर दिलं नाही. न बोलणं हाही सूडच.

१७ नोव्हेंबर
पाइप छपरावर नेणं हे घाबरट लोकांचं काम. खिडकीची एक काच काढली, तिथे पत्रा बसवला, पत्र्याला भोक, भोकातून पाइप बाहेर. तासाभरात खलास. पाइपचं तोंड बरोबर तिच्या कपड्यांच्या दोरीवर. हे मुद्दाम केलं नव्हतं, पण आता मुद्दाम आहे.
संध्याकाळी तिने दोरी मागच्या अंगणात नेली. माघार!

१९ नोव्हेंबर
पेटवला. लाल आकडे, घरघर, आणि घरभर अंधार. खालून आरोळी, "अरे, मी मशीन लावलंय!" मीटर दोघांना मिळून एकच. स्टोव्ह पेटताना वीज ओढतो, तिचं कपडे धुण्याचं मशीनही ओढतं. दोन्ही एकदम चालत नाहीत. म्हातारीने हे बरोबर हेरलंय.

२१ नोव्हेंबर
काल मशीन. आज मशीन. एकट्या बाईचे एवढे कपडे? हे युद्ध आहे. मीही तयारीत होतो. खालून तिच्या विजेच्या ओव्हनचा वास आला तसा स्टोव्ह लावला. गेली वीज! ती अंधारात. मीही अंधारात, पण मी मुद्दाम.

२४ नोव्हेंबर, रविवार
ती चर्चला गेली आणि मी पेटवला. चाळीस मिनिटं स्वर्ग. आईला ज्वाळेचा फोटो पाठवला. मग उत्तरेचा वारा सुटला आणि सगळा धूर पाइपमधून उलटा खोलीत. दार, खिडकी, सगळं उघडावं लागलं. आधीपेक्षा जास्त गार. वारा काही तिच्या हातात नाही, पण खात्री देता येत नाही.

२८ नोव्हेंबर
पेलेट विकत घेणारे मूर्ख. गिरणीत ढीगच्या ढीग भुसा पडलेला असतो. तेच लाकूड, फक्त दाबलेलं नाही. दोन पोती आणून ओतली. असली अक्कल शाळेत मिळत नाही. सातवीत सोडली तेच बरं केलं.

२९ नोव्हेंबर
गोळ्या पुढे ढकलणारा आतला स्क्रू अडकला. किर्रर्र, मग काहीच नाही. दोरीनोला फोन करून झापलं. "त्यात घातलंस काय?" म्हटलं, लाकूड. पुढे एवढा हसला की शेवटी त्याच्या बायकोने फोन ठेवला. आता दोरीनोचाही सूड. पण आधी म्हातारीचा.

४ डिसेंबर
सळईने उकरलं. भुसा ओला होता, सिमेंट झालाय. स्क्रू वाकला. टेक्निशियन वीस तारखेशिवाय येत नाही. आईला सांगणार होतो, तर तीच म्हणाली, "बाळा, जास्त पेटवू नकोस हं, मला उकाडा सोसत नाही. गाडीत सगळ्या बायकांना सांगणार आहे तुझ्या स्टोव्हचं." बरं म्हणालो.

७ डिसेंबर
आई आली. गुडघा टम्म. पहिल्या पायरीवरच बसली. ओन्दीनाबाई पुढे झाली, "वर कशाला चढताय? माझी मागची खोली तयार आहे." खरंच तयार होती. पलंगावर लोकरीच्या चार कांबळ्या, धुतलेल्या. तीन आठवडे हेच धूत होती म्हणे, सारखी वीज जायची, म्हणून एवढे दिवस लागले. दर रविवारी दोघी फोनवर बोलतात. मला पत्ताच नाही.
आईपुढे चांगलं दिसायचं म्हणून केलं असणार. कांबळ्या मऊ होत्या, एवढं कबूल.

८ डिसेंबर
आई वर चढू शकत नाही, म्हणजे स्टोव्ह तिला दिसणार नाही. अब्रू शाबूत. सगळं माझ्या मनासारखं होतंय.

१० डिसेंबर. संध्याकाळी.
रेडिएटर सकाळी गार. आत्ताही गार. ही तर उघड लढाई. तरातरा खाली गेलो. दोघी पत्ते कुटत बसल्या होत्या, गाल लालबुंद. म्हटलं, बाई, वर ऊब का येत नाही? ओन्दीनाबाई म्हणाली, "मला काय विचारतोस? तुझ्या आईनेच बंद करायला लावली. म्हणाली, पोराकडे स्वतःचा स्टोव्ह आहे, वरचं फुकट कशाला जाळता?"
आईने पान टाकलं. म्हणाली, "मग काय! सांग रे त्यांना, किती गरम होतं ते."
सांगितलं. घाम येतो म्हणालो.
आई सहा जानेवारीपर्यंत आहे.