शालू आत आली आणि मी उठले

१२ मे २०२५

संपल्या एकदाच्या मुलाखती! कंबर मोडली. पदवीधरांना फेलोशिप द्यायची, त्यांनी दोन वर्षं खेड्यातल्या शाळांत इतिहास-नागरिकशास्त्र शिकवायचं. निवडणारे आम्ही तिघं म्हातारे — मी, कमरोद्दीन सर आणि मंजुषाताई.

जेवणानंतर दार उघडलं आणि आत कोण? शालू! फुलंब्रीच्या शाळेतली माझी विद्यार्थिनी. भिकनची पोरगी. बाप मेंढरं घेऊन रानोमाळ, ही मामाकडं राहून शिकली. बी.ए. झाली. मला बघून काय हसली!

मी उठले. सरळ बाहेर जाऊन बसले. 'ही माझी विद्यार्थिनी' एवढंही बोलले नाही — बोललं की वशिलाच झाला ना! आपल्या माणसाचा निवाडा आपण करू नये, हेच तर आयुष्यभर वर्गात घोकून घेतलं. तिची मुलाखत होऊन दोघांनी गुण दिल्यावर परत आत गेले. कुणी काही विचारलं नाही. मीही नाही.

आज स्वतःवर लई खूश आहे.

१३ मे

शालूला यंदा शेवटची संधी. पुढल्या वर्षी वयात बसत नाही. होईल तिचं. का नाही व्हायचं?

२० मे

यादी लागली. शालू नाही.

२२ मे

शालूचा फोन. रडली नाही, तेच जास्त लागलं. "मॅडम, माझं काही चुकलं व्हतं का? तुमी उठून गेल्या अन् मला सुचंनाच." मी बाई तत्त्व समजावत बसले! तिनं सगळं ऐकून घेतलं. "व्हय मॅडम," म्हणाली. पडेगावात कपड्याच्या दुकानात लागतेय म्हणे.

नियम म्हणजे नियम, असं मनाला सांगतेय. पण कुठला नियम? बाहेर जा असं कुणी म्हटलंच नव्हतं. निदान कारण सांगून जायचं!

२ जून

निवडलेल्या मुलांचं प्रशिक्षण सुरू झालं. चहाला कमरोद्दीन सरांना गाठलं. विचारलंच — शालूत काय कमी पडलं?

"कुछ नहीं मॅडम. आम्हा दोघांना पोरगी पसंत होती. पण अर्जावर तुमच्याच शाळेचं नाव, आणि तुम्ही एक शब्द न बोलता उठून गेलात! हम समझे, मॅडम इसकू जानते. कुछ तो खराबी देखे होंगे."

जागा भरल्या. शालूला आता हे कोण सांगणार? मीच.