बँकेसाठी धुतलेलं आभाळ

१ जानेवारी १९९२
संकल्प. पहाटे उठणे. तंबाखू बंद. रोज रोजनिशी. आणि 'सहायक जनसंपर्क अधिकारी'मधला 'सहायक' यंदा जाणार म्हणजे जाणार. परदेशातली एक विकास बँक आमच्या कोळशावरच्या वीज केंद्राच्या दुसऱ्या टप्प्याला कर्ज देते आहे. आणखी दोन चिमण्या. 'जळगाव-धुळ्याचा अंधार कायमचा हटणार' असं वाक्य माहितीपत्रकात टाकलं. छान आहे. माझंच आहे.
पुष्पा सकाळपासून खोकते आहे. मिरचीची फोडणी. म्हटलं, तेल जरा कमी तापव. ती म्हणाली, अहो, मी अजून गॅस पेटवलेलाच नाही.

१२ जानेवारी
मोठ्या साहेबांनी बोलावलं. म्हणाले, गिरधर, धुळ्याच्या ऑफिसात जागा रिकामी आहे, जाता का? बायकोच्या तब्येतीला बरं पडेल. मी ताडकन नाही म्हणालो. ऐन कर्जाच्या वेळी मी गेलो तर बँकेशी बोलणार कोण? साहेब माझ्याकडे बघतच राहिले. कौतुक असावं.
पुष्पाला सांगितलं नाही. उगाच हळहळली असती.
तंबाखू एकदाच. साहेबांकडे जायच्या आधी.

२ फेब्रुवारी
रविवार. पुष्पाला घेऊन जळगावला. डॉक्टर अगदीच तरुण. छातीला नळी लावली आणि म्हणाला, दमा आहे, कुठे राहता? वीज केंद्राच्या कॉलनीत, असं सांगितल्यावर नळी काढून ठेवली. गोळ्या दिल्या आणि म्हणाला, हवा बदला. एवढ्या एका वाक्याची फी घेतो.
तरी ऐकलं. बाहेर पडल्या पडल्या बाजारात कूलर घेतला. हिवाळ्यात स्वस्त मिळतो, हे कुणाच्या लक्षात येत नाही. पुष्पा रिक्षात कूलर मांडीवर धरून बसली होती. खूश असावी.

१५ फेब्रुवारी
कूलरच्या वाळ्याच्या जाळ्या काळपट करड्या झाल्या. दुकानदाराने हलका माल दिला. शेजारच्या लताबाई म्हणाल्या, भाऊ, तो बाहेरचीच हवा आत ओढतो ना! बायकांना मशिनरीतलं कळत नाही. तरी पुष्पाने कूलर बंद करून त्याच्यावर भरतकामाचं कापड टाकलं आहे. फोन ठेवायला जागा झाली. फोन आला की ठेवू.

८ मार्च
गच्चीवरून भांडण. पुष्पाला यंदा बिबडे करायचे आहेत. ज्वारीचं पीठ शिजवायचं, ओल्या कापडावर एकेक गोल पसरायचा, वरून तीळ, आणि उन्हात खडखडीत वाळवायचं. गेल्या वर्षी संध्याकाळपर्यंत सगळ्यांवर राख बसली. तिने एकेक ओल्या फडक्याने पुसला आणि पुसता पुसता रडली. पाहुण्यांना वाढले नाहीत. मी म्हणालो होतो, काळे तीळ म्हणून खपतील. हे मला विनोदी वाटलं होतं.
यंदा म्हणते, चोपड्याला आईच्या गच्चीवर करीन.
नेमकी तिची आई, भागाबाई, आजच आली. सोबत मेव्हणा लोटन. मी फोडणीबद्दल सांगायला लागलो. सासूने बोट फिरवून खिडकीवरची राख काढली आणि माझ्या तोंडासमोर धरली. म्हणाली, "हाई राख शे, जवाई. बठ्ठासले दखास, तुम्हलेच कसं दखास नही?"
सगळ्यांना दिसते, मलाच दिसत नाही म्हणे! जावयाशी असं बोलतात का? रागावर ताबा ठेवला. पुष्पा त्यांच्याबरोबर गेली. आठच दिवस.

२९ मार्च
आठ दिवसांचे तीन आठवडे झाले. स्वयंपाकाला काही लागत नाही, हा माझा समज होता. आज पोहे जळले. मला ठसका लागला, तेव्हा आनंदच झाला. फोडणीनेच खोकला येतो, हे सिद्ध.
घर शांत आहे. तिचा खोकला ऐकल्याशिवाय झोप लागत नाही. असं कुणाला सांगता येत नाही.

५ एप्रिल
गुढीपाडवा उरकून आज एस.टी.ने चोपड्याला. पुष्पा वरच्या मजल्यावरून जिना उतरत धावत आली. धावत! चेहरा भरला आहे. दिवसभरात एकदाही खोकली नाही. माहेरचं कौतुक आणि आराम, दुसरं काय.
निघताना फाटकापर्यंत आली. म्हणाली, इथे बरं वाटतं हो, पण तुमच्याशिवाय करमत नाही. आपल्याच गच्चीवर एकदा पांढरेशुभ्र बिबडे वाळवायचेत मला, तुम्हाला तळून घालायचेत. बसमध्ये मला समोरच्या सीटचा नंबर दिसेना. डोळ्यात धूळ गेली असावी.

१० एप्रिल
बँकेचे लोक एकवीसला येणार. मी मीटिंगमध्ये दोन कल्पना मांडल्या. एक, संच क्रमांक दोन पुढचे दहा-बारा दिवस ओव्हरहॉलिंगला बंद ठेवायचा आणि पहिला निम्म्या लोडवर चालवायचा. म्हणजे पाहुण्यांना आभाळ निळं दिसेल. दुसरी, रस्त्याकडेच्या केळीच्या बागा फायर टँकरने धुवायच्या. साहेब उभे राहिले. टाळ्या.

१५ एप्रिल
बागा धुतल्या. तोताराम आबा बांधावर उभे राहून पाहत होते. त्यांची केळी इतकी हिरवी असते, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं म्हणाले. विचारत होते, बँकवाले दर आठवड्याला येतील का?

१६ एप्रिल
काय सकाळ! गच्चीवर गेलो आणि उत्तरेला सातपुडा दिसला. अख्खा. कॉलनीत आल्यापासून पहिल्यांदा. बोट फिरवून कठडा पाहिला. बोट स्वच्छ.
विचार केला. ओव्हरहॉलिंग झालेला संच आधीसारखा धूर सोडणार नाही. मशीन आहे, सुधारतंच. म्हणजे प्रश्न संपला. पुष्पाला आणायला हरकत नाही. ओव्हरहॉलिंग मीच सुचवलं होतं, तरी आभाळ पाहून मलाच खरं वाटलं. तेवढं ते सुंदर होतं.

१८ एप्रिल
चोपड्याला जाऊन पुष्पाला आणलं. भागाबाईंना म्हटलं, आमची हवा बदलली. त्यांनी विचारलं, कायमची? मी कायमची म्हणालो. पुष्पा एस.टी.च्या खिडकीतून आभाळ पाहत होती. म्हणाली, खरंच हो!

१९ एप्रिल
बिबडे. लताबाई मदतीला. मीही चार पसरले. वेडेवाकडे झाले. पुष्पा इतकी हसली, की तिला खाली बसावं लागलं. पण खोकली नाही. गच्चीभर पांढरे गोल. मला वाटलं, माणसाला आणखी काय लागतं. दुपारी खरंच तेवढंच वाटत होतं. प्रमोशन आठवलंसुद्धा नाही.

२१ एप्रिल
पाहुणे आले. खूश. केळीचे फोटो काढले. एका तरुण बाईंनी मात्र दुसऱ्या टप्प्यातून वर्षाला कार्बन डायऑक्साइड किती जाईल ते विचारलं. मी म्हणालो, मॅडम, त्याला ना रंग, ना वास, त्यामुळे आमच्याकडे त्याची एकही तक्रार नाही. सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, तो वर साठून राहतो, शंभर शंभर वर्षं. तुमच्या नातवंडांनाही पुरेल. म्हटलं, आम्हाला मूल नाही. साहेबांनी विषय बदलला.
घरी आलो तर पुष्पा बिबडे उलटत होती. आणखी दोन उन्हं हवीत म्हणाली.

२३ एप्रिल
पाहुणे काल गेले. आज दोन्ही संच फुल लोड. ऑफिसात पेढे. दुपारी लताबाईंचा निरोप आला, की वारा फिरला आहे, राख पडते आहे, पुष्पा एकटीच गच्चीवर बिबडे गोळा करते आहे, लवकर या. साहेब माझ्याबद्दल बोलत होते. म्हटलं, आलोच.
मग गेलो.

२४ एप्रिल
जळगाव. दवाखाना. काल जीप पाहुण्यांना सोडून अजून परतली नव्हती. रिक्षाने आणलं. रस्ताभर तिने माझा शर्ट धरला होता. मी सांगत होतो, गच्चीवर धावपळ झाली म्हणून धाप लागली आहे. तोच तरुण डॉक्टर. आज त्याने पत्ता न विचारताच तिला आत घेतलं.
बरी होईल. चोपड्याला नेऊ. नाहीतर धुळ्याला. साहेबांना उद्याच सांगतो.

२६ एप्रिल
पुष्पा गेली.

९ मे
तेरावं झालं. भागाबाई रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. जाताना एवढंच विचारलं, "मनी पोरले काबर लई ग्यात?" तिला का नेलं, याचं उत्तर तयार होतं. ओव्हरहॉलिंग, वाऱ्याची दिशा, सगळं. मी त्यांची पिशवी उचलून फाटकापर्यंत नेली.

१५ जून
कर्ज मंजूर. साहेब स्वतः घरी आले. 'सहायक' गेला. मी जनसंपर्क अधिकारी. पोस्टिंग धुळे. जानेवारीत रिकामी होती तीच जागा, आता फक्त पाटी मोठी. साहेब म्हणाले, सामान हलवायला जीप घ्या.
सामान बांधताना स्वयंपाकघरात पत्र्याचा डबा सापडला. बिबडे. वरचे करडे. लताबाईंनी सांगितलं, की धाप लागलेली असताना पुष्पा आधी वाळलेले डब्यात भरत होती, बाकीचे राहिले तर राहू देत, एवढे तरी यांना पांढरे मिळू देत म्हणाली. खालचे खरंच पांढरेशुभ्र आहेत. त्यात चार वेडेवाकडे.
फोडणीने नव्हतं. इथे लिहून ठेवतो, दुसरीकडे कुठे लिहिणार. फोडणीने नव्हतं, आणि हे मला खिडकीवरच्या त्या बोटाच्या दिवशीच दिसलं होतं.
डबा जीपमध्ये मांडीवर ठेवला.

१७ जून. धुळे
सकाळी नवीन घराच्या गच्चीवर गेलो. कठड्यावरून बोट फिरवलं. काही नाही. इथली हवा कोरडी आहे, चांगली आहे.
पुष्पाला मानवली असती.