मधे सोडलेली पोरगी

९ फेब्रुवारी १९७३
एस.टी. शेवगावलाच अडकली होती, त्यामुळे गावात पोचायला दिवेलागण झाली. कुसुमच्या खोलीवर उतरले आहे. ती इथल्या शाळेत शिकवते. कॉलेजातल्या मैत्रिणींपैकी मला अजून नावाने हाक मारणारी ही एकच. पिशवी ठेवायच्या आत सांगितलंन, अंघोळ एक दिवसाआड.
पुस्तकासाठी मुलांशी बोलायचं आहे. संपादकांनी निघताना बजावलं, दुष्काळ येऊ द्या मजकुरात, पण मुलं हसरी हवीत. हो म्हणाले. का म्हणाले कोण जाणे.

१० फेब्रु.
वर्गात गेले तर सगळी मुलं ताडकन उभी. शाळा तपासायला दिपोटी आल्या असं वाटलं त्यांना. मोठेपणी कोण होणार? पहिला म्हणाला डॉक्टर, मग सगळा वर्ग डॉक्टर. काय आवडतं? शाळा. काय आवडत नाही? खोटं बोलणं. वही मिटून ठेवली. ही कसली मुलाखत, ही तर तपासणी. विचारणाऱ्याला काय ऐकायचंय ते मूल आधी हेरतं, मग बोलतं. आपणही लहानपणी हेच केलं, आणि पुढे सासरी सुद्धा.
मागे भिंतीशी एक मुलगी, कडेवर भाऊ. सुमन, तिसरीतली. भावाला घेऊन बसायची परवानगी कुसुमने दिली आहे, नाहीतर तिचं नाव केव्हाच कमी झालं असतं. ती डॉक्टर म्हणाली नाही. तिला कुणी विचारलंच नाही. मीही नाही.

१२ फेब्रु.
टँकर विहिरीत पाणी ओतून गेला. कु.ची कळशी घेऊन सुमनच्या मागे रांगेत उभी राहिले. ठरवलं होतं, काही विचारायचं नाही. बऱ्याच वेळाने तीच वळली.
“बाई, तुमचं प्वाट दुखतंय का?”
“का गं?”
“गप हायत म्हनून.”
मग बोलत राहिली. धाकटा बाळू भिंतीची माती खातो, वाटेवरची खात नाही. झोपताना तिचा कान धरतो, कान सुटला की उठतो. आई दिवाळीपासून मामाकडे आहे, पलीकडच्या गावी. बापाने घरात दुसरी आणली आहे. “मारत न्हाई ती. पर बाळूला तिची सवं न्हाई.” हे सगळं पायाच्या अंगठ्याने माती उकरत, आज भाजी काय होती ते सांगावं तसं.
कान धरण्याची गोष्ट संपादकांना फार आवडेल. मनात हे आलं आणि माझीच मला शिसारी आली.

१५ फेब्रु.
सुमनची आई शांता खडीच्या कामावरून परस्पर इकडे आली. हाताला चिंध्या बांधलेल्या. कु.च्या उंबऱ्यावरच बसली, आत येईना. मुलगी तरी आपल्याकडे द्या असा तिने नवऱ्याला, नामदेवला, निरोप धाडला होता, म्हणून रविवारी मारुतीच्या देवळात बैठक आहे. मुलगा बापाचा, त्यावर बोलणंच नाही. मुलीचं मात्र मुलीला विचारायचं. विचारायचं म्हणजे आई एका अंगाला, बाप दुसऱ्या अंगाला, पोरगी मधे सोडायची. जिकडे जाईल तिकडची. बैठकीतले वडीलधारे तात्या म्हणतात, अशी भांडणं इथे अशीच मिटत आली, वकिलाचं तोंड बघावं लागत नाही.
कु. चिडून म्हणाली, नामदेवला पोरगी कशाला हवी? पाण्याला आणि पोर सांभाळायला. दुसरीला दिवस गेलेत.
शांता मला म्हणाली, “बाई, तुमच्यासंगं बोलती ती. येवढं इचारा, कुनाकडं ऱ्हायचंय.”
संध्याकाळी सुमन राखेने तांब्या घासत होती, तिथे जाऊन बसले आणि विचारलं, आईकडे राहायचं की वडिलांकडे? मान वर न करता म्हणाली, “आईकडंच की.” म्हटलं, मग त्या दिवशी मनात असेल तसंच कर, भिऊ नकोस. तिने मान हलवली.
शांताला कळवलं. इथे आल्यापासून पहिल्यांदा बरं वाटलं.

१८ फेब्रु., रविवार
लिहवत नाही. तरी लिहिते.
देवळापुढे तरटं टाकली होती. शांता डावीकडे, आपल्या भावाच्या मागे पदर ओढून. नामदेव उजवीकडे, मांडीवर बाळू. एरवी तो पोराला घेत नाही, कु. म्हणते. तात्यांनी सुमनला मधे उभं केलं, डोक्यावरून हात फिरवला. “जा पोरी. भिऊ नगंस.” माझेच शब्द.
ती आईकडे निघाली. निघाली होती, मी पाहिलं आहे. तेवढ्यात बाळूने हात पसरून भोकाड पसरलं. ती थांबली. मागे वळली, बापाच्या मांडीवरून त्याला उचलून कडेवर घेतलं. नामदेवने तिच्या खांद्यावर हात ठेवला.
“झालं,” तात्या म्हणाले. “पोरीनंच सांगितलं.”
माणसं उठायला लागली. बाळूला घेऊन सुमन आईच्या दिशेने तोंड करून उभी होती, खांद्यावर तो हात. मी बोलले. म्हटलं, ती भावाकडे गेली, वडिलांकडे नाही.
दोघं-तिघं हसले. तात्या हसले नाहीत. शांतपणे म्हणाले, “बाई, भाऊ कुनाचा? बापाचाच न्हवं?” आणि मग, “तुमाला लेकरं किती?”
विचारण्यात वाकडेपणा नव्हता. तरी मी मागे सरले.
मग चहा. नामदेवने पहिली कपबशी माझ्यापुढे धरली, पाहुण्या म्हणून. घेतली. प्यायलेही.
शांता चहाला थांबली नाही. वाटेत माझ्याजवळ येऊन एवढंच, “तुमाला तर आईकडं म्हनली हुती ना?”
म्हणाली होती. मी आई की वडील विचारलं. बाळूला प्रश्नात घेतलंच नव्हतं. त्या माणसांनीही नाही. त्या बाबतीत त्यांच्यात आणि माझ्यात काय फरक?

२१ फेब्रु., नगर
घरी. नळाला पाणी आहे याचीच लाज वाटते.
शेजारच्या वकिलांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, कोर्टातही मुलाला विचारतातच, जज्जसाहेब आत बोलावून लिमलेटची गोळी देतात. म्हणजे तिथेही मधेच सोडायची, फक्त खुर्च्या असतात. मोठ्यांना जे निभावलं नाही त्याचा निकाल पोराच्या पायांनी लावायचा आणि वर म्हणायचं, आम्ही जबरदस्ती केली नाही हो.
संपादकांचं कार्ड: ‘गोड मजकुराची वाट पाहतो.’ पाहा.

५ मार्च
पुन्हा कु.कडे. सुमन त्या रविवारपासून शाळेत नाही. कु. दोनदा घरी जाऊन आली. नामदेव म्हणाला, पाठवू की, पाणी झाल्यावर. पाणी संध्याकाळपर्यंत होत नाही.
विहिरीवर गेले. सुमनने पाहिलं, न पाहिल्यासारखं केलं. बरोबरच आहे. बाळू गुरांच्या हाळाच्या कोरड्या तळात बसून सरकारने वाटलेल्या सुकडीची मूठ चाटत होता. मी कळशी भरू लागले, तिने भरू दिली. काही विचारलं नाही. विचारायचा हक्क आता उरलेला नाही.
डोक्यावर कळशी चढवून दिली तेव्हा म्हणाली,
“परत बसनार हायत का समदे?”
“कशाला गं?”
“बसले तर बाळूला आदी माझ्या कडंवर द्या म्हनावं. मंग सोडा मला मधी.”
पंधरा दिवस पाणी वाहता वाहता हे जुळवलं असणार तिने. मंद मुलाकडे बघावं तसं तिने माझ्याकडे बघितलं आणि बाळूला हाक मारून चालू लागली.

५ मार्च, रात्री
कु.ला सांगितलं. ती म्हणते, तात्यांपर्यंत हे नेऊ नकोस. पोरगा हातचा जातो असं दिसलं तर नामदेव सुमनला विहिरीवर सुद्धा एकटी सोडायचा नाही. शांतालाही सांगू नकोस, आस लावून बसेल.
पण सुमनने मला गुपित म्हणून सांगितलेलं नाही. निरोप दिला आहे. माझ्यापाशी कुणा मुलाने आपणहून ठेवलेली ही पहिलीच गोष्ट, आणि ती पुस्तकासाठी नाही.
तात्या सकाळी पारावर असतात. काय बोलायचं ते मनात जुळवून पाहते आहे. दरवेळी माझं वाक्य पुरं व्हायच्या आत ते विचारतात, बाई, पोरीला हे शिकवलं कुनी?