कोपरा सोडायचा नियम

प्रिय शौनक,

काल तुझा फोन मी मुद्दामच उचलला नाही. फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि मी चिडले की माझेच मुद्दे विसरते. म्हणून ही पानं. चहा घेऊन बस आणि सगळं वाचून झाल्याशिवाय पुण्याहून मला नकाशे पाठवू नकोस.

जेलरोडचं घर ठीक आहे. आई गेल्यावर मी इथे राहायला आले, तर गल्लीने घराबरोबर तिची कामंही माझ्या गळ्यात घातली. रस्त्यावरचा दिवा गेला की लोक माझ्या दारात. पाण्याची पाइप फुटली, माझ्या दारात. सकाळी घंटागाडीचं गाणं ऐकू आलं आणि मी फाटकाशी दिसले नाही, तर शेजारणी माझ्या तब्येतीची चौकशी करतात. परवा गडबडीत ओल्या कचऱ्यात प्लास्टिकची पिशवी गेली, तर तीन घरं सोडून राहणाऱ्या भागीबाईंनी ती उचलून मला परत दिली. वर म्हणाल्या, आईंची मुलगी ना तुम्ही. शरम वाटली, पण खरं सांगू, बरंही वाटलं.

तुला तिचं ते 'नियम आहे' आठवतं? त्यापुढे घरात कुणाचं काही चालायचं नाही. धरणात पाणी कमी असलं की तांदळाचं धुवण तुळशीला, नियम आहे. घरपट्टी एप्रिल संपायच्या आत, नियम आहे. मत दिल्याशिवाय चहा नाही, नियम आहे. तुझ्या पहिल्या मतदानाला तू लोळत पडला होतास, तर तिने पांघरूण ओढून, घडी करून कपाटात ठेवून दिलं होतं. आणि केंद्रावरून परत आल्यावर तुझ्यासाठी शिरा केला होता, बेदाणे घालून. यातले कुठले नियम सरकारचे आणि कुठले तिचे, हे आपण कधी विचारलंच नाही. अण्णांनीही नाही.

आपल्या कोपऱ्याचा नियमही तसाच. घर बांधताना तिने अण्णांना सांगितलं, वळणावरच्या प्लॉटला कोपरा सोडावा लागतो, भिंत तिरपी आत घ्यायची. त्यात अण्णांचा झोपाळा बांधायचा राहून गेला, तुझी सायकल जन्मभर पावसात भिजली, आणि तू आर्किटेक्ट झालास तो बहुतेक त्या तिरप्या भिंतीच्या रागातून. म्हणून श्रावणाच्या झडीत भिंत पडल्यावर तू मला कार्पोरेशनमध्ये जाऊन नियम नीट विचारून यायला लावलंस. मी गेले. तिथल्या इंजिनिअरबाईंनी नकाशा दोनदा पाहिला आणि म्हणाल्या, तुमच्या प्लॉटला असा काही नियम नाही, तेव्हाही नव्हता. मी रिक्षात बसून एकटीच हसत घरी आले. खोटं बोललो म्हणून आपल्याला अंगणात उभं करणारी आपली आई! तुला कळवलं तर संध्याकाळपर्यंत तुझा नकाशा हजर, भिंत सरळ आणि आत तुझ्या गाडीला जागा. मीही हो म्हटलं होतं. झोपाळा मलाही हवाच होता.

सहादू मिस्त्रीने सरळ रेषेत दोरी ताणली तेव्हा पुढच्या वळणावरचे पुंजारामकाका काठी टेकत आले. नियम बदलला का, असं विचारलं त्यांनी. त्यांनीही कोपरा सोडलाय, आणि नियम आईनेच सांगितला होता. मग दोरीकडे बघत त्यांनी मला जे सांगितलं ते आईने आपल्याला कधीच सांगितलं नव्हतं. आपण शेजारी भाड्याने राहायचो तेव्हाची गोष्ट. अण्णांनी रिकाम्या प्लॉटला अगदी कडेपर्यंत तारेचं कुंपण घातलं होतं. एका दुपारी काकांच्या वडिलांच्या छातीत कळ आली, आणि आणलेली रिक्षा आपल्या कुंपणापाशी वळेना. त्यांना खाटेवर घालून मोठ्या रस्त्यापर्यंत नेलं. आई पाण्याचा तांब्या घेऊन खाटेमागे धावत होती. ते वाचले नाहीत. त्यानंतर आपला पाया खणला तेव्हा आईने अण्णांना नियम सांगितला, मग काकांना, मग पुढे ज्याने ज्याने वळणावर घर बांधलं त्याला. काका आपल्या कुंपणाबद्दल चकार शब्द वाईट बोलले नाहीत. नियम चांगला होता, एवढं म्हणाले आणि गेले.

मी सहादूला दोरी काढायला लावली. आई गेली त्या दिवशी वैकुंठरथ थेट दाराशी आला होता, आणि निघताना आपल्या कोपऱ्यावर एका दमात वळला. तू पुढे ड्रायव्हरशेजारी बसला होतास. ते वळण मला तेव्हा जाणवलंही नाही, तुलाही नसेल. शौनक, मला तिचा फार अभिमान वाटतो. लोक नियम मोडायला खोटं बोलतात, ही नियम करायला बोलली, आणि पहिली जागा स्वतःची दिली. कुणाला दोष दिला नाही, अण्णांनाही कळू दिलं नाही.

तर भिंत जुन्याच जागी उभी आहे, तिरपी. रागाव हवं तर, पण पत्र त्यासाठी लिहिलेलं नाही. शेवटच्या वळणावरचा प्लॉट नांदगावच्या वाल्मीकने घेतलाय. काल तो फाटकाशी येऊन म्हणाला, "ताई, इथं कोपरा सोडायचा नियम हाये म्हणत्यात. खरंय का?" मी हो म्हटलं. "कार्पोरेशनचा?" आता मला आईइतकं सफाईने खोटं बोलता येत नाही. मी म्हटलं, "नाही, गल्लीचा." तो घुटमळला, त्याचा प्लॉट लहान आहे. कुणा जाणकाराला विचारतो म्हणाला, तेव्हा मी तुझाच नंबर दिला. रविवारी तो फोन करील. कागदावर सगळी जागा त्याची आहे हे तू सांगशीलच, आणि सांगायलाच हवं. पण मग तो विचारील, तुम्ही का सोडली. तेव्हा झोपाळ्याचं आणि सायकलचं रडगाणं लावू नकोस, राजा. आमच्याकडे तसा नियम आहे, एवढंच सांग.

तुझीच,
तिरप्या भिंतीआडची लतिकाताई