वसतिगृहातून सूट नको

अहो, ऐकताय ना?

नमस्कार. मी सुखरूप पोचले, काळजी नसावी.

इथे पहिल्या वर्षाला वसतिगृहात राहायची सक्ती आहे, पण लग्न झालेल्यांना सूट मिळते. आपलं ठरल्याप्रमाणे वन्संकडे राहायचं म्हणून मी सूट मागायचा अर्ज दिला. कारकून म्हणाला, "मावशी, सही करा, झालं काम."

म्हटलं, आधी खोली तरी बघावी. एक पलंग, एक टेबल, दाराला आतून कडी. अठ्ठेचाळीस वर्षांत फक्त माझी अशी ही पहिलीच खोली. मी अर्ज परत मागून घेतला.

रागावला नाहीत ना? वन्संची समजूत मी घालते. रक्तदाबाची गोळी चुकवू नका.

रविवारी भेटायला या. दारावरच्या वहीत नातं लिहावं लागतं. तिथे 'पालक' लिहू नका म्हणजे झालं.

तुमचीच,
पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी