जिन्याच्या मधल्या टप्प्याविषयीचा माझा संशय

अमरावती,
दि. २१ नोव्हेंबर

चि. सौ. विमल हिस चिंतामणचे आशीर्वाद. वामनरावांस नमस्कार सांगावा, आणि त्यांचा रक्तदाब वरचा किती व खालचा किती हे दोन्ही आकडे कळवावेत. ‘बरा आहे’ हे मोजमाप नव्हे. माझी प्रकृती उत्तम आहे. (हे वाक्य माझ्या मागील पत्रातही होते. पुनरुक्तीने त्याची सत्यता उणावत नाही.)

पत्र पाहून तू म्हणशील, दादाने फोन का केला नाही. कारण असे की या घरात फोनवरचे बोलणे भिंतीपलीकडे जाते आणि कुटुंबाच्या मोबाइल गटावरचे बोलणे तर नागपूरपर्यंत जाते. टपाल हे एकच साधन उरले आहे ज्यात अद्वैत आणि सूनबाई सदस्य नाहीत. तेव्हा हे पत्र वाचून झाल्यावर कुलूपबंद ठेवावे. फाडू नये, पुढे पुरावा म्हणून लागेल.

विषय आपल्या जिन्याचा आहे. खालून अकरा पायऱ्या, मग मधला टप्पा (ज्याला अद्वैत ‘लँडिंग’ म्हणतो, जणू तेथे विमान उतरणार आहे), मग नऊ पायऱ्या आणि माझी खोली. त्या टप्प्यावरील चॉकलेटी व पिवळसर चौकड्यांची फरशी बाबांनी स्वतः निवडलेली होती. भिंतीवर कमरेइतक्या उंचीपर्यंत पांढऱ्या टाइल्स होत्या, आणि कोपऱ्यात गणपतीची एक. ही गणपतीची टाइल मी लावली, पंचवीस वर्षांपूर्वी. वर माझ्या शेजारच्या खोलीत तेव्हा असलेल्या भाडेकरूस खर्रा खाऊन त्याच कोपऱ्यात पिचकारी मारण्याची सवय होती व ती कोणत्याही युक्तिवादाने जात नव्हती. टाइल लावली, सवय गेली. त्यात श्रद्धेचा भाग नव्हता. तो एक प्रयोग होता आणि यशस्वी झाला.

दिवाळी संपताच अद्वैतने जाहीर केले की हा टप्पा ‘मॉडर्न’ करायचा आहे. मी विचारले, संपूर्ण घर का नाही, जिना का नाही, मधला टप्पाच का. तो म्हणाला, “बाबा, फारच जुना दिसतो हो.” आता हा हेतू पाहा. घरात या टप्प्याहून जुन्या दिसणाऱ्या वस्तू किमान चार आहेत आणि त्यांपैकी एक मी आहे. जुनेपणा हे कारण असेल, तर ते सर्वत्र लागू व्हावे. एकाच ठिकाणी लागू होत असेल, तर खरे कारण दुसरे आहे. चौतीस वर्षे महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवलेल्या मनुष्यासमोर असे कारण ठेवणे हा मी अपमान समजलो नाही. मी तो सुगावा समजलो.

त्यानंतर मी निरीक्षण आरंभिले. पहिली गोष्ट, सूनबाईंनी (स्वराली तशी सरळ आहे, म्हणूनच तिची लबाडी लगेच दिसते) मी वाचनालयात गेलो असता माझ्या खुर्चीची उंची टेपने मोजली. टेप तिथेच विसरली. दुसरी, खालची न्हाणीघरालगतची छोटी खोली रिकामी करण्यात आली. तिसरी, रिक्षातून लोखंडी पाइप आले. चौथी, सूर्यभान मिस्त्री. हा अंजनगाव सुर्जीचा, टाइल बसवण्यात वाकबगार, कानावर पेन्सिल आणि तोंडात सदैव सुपारी. त्याने मला टप्प्यावर उभे करून म्हटले, “सायेब, चढतानी हात लावता तसा भिंतीले जरा हात लावा बरं.” का, म्हणून विचारता म्हणाला, “ओल हाय का पाहून राहिलो.” मी हात लावला, त्याने माझ्या हाताच्या उंचीवर पेन्सिलीने रेघ मारली आणि निघून गेला. ओल मोजण्याची ही रीत मी आजवर ऐकलेली नाही.

आणि पाचवी गोष्ट तू स्वतः. गेल्या अकरा वर्षांत तू फोनवर मला लोणच्याविषयी विचारत आली आहेस. त्या एका आठवड्यात मात्र “दादा, गुडघे कसे आहेत रे” असे दोनदा विचारलेस.

या पाच गोष्टींना एकत्र बांधणारे अनुमान एकच निघत होते. टप्प्यावर लोखंडी जाळीचा दरवाजा बसणार (पाइप, आणि कडीच्या उंचीची ती रेघ), वरचा मजला भाड्याने जाणार, आणि मी, माझी खुर्ची व माझ्या पुस्तकांपैकी जी मावतील ती न्हाणीघरालगतच्या खोलीत उतरवली जाणार. तुझाही या कटास पाठिंबा असावा असे मी धरले. कारण तू स्वतः गेली चार वर्षे इथे येऊन खालच्या दिवाणखान्यातच बसतेस, आणि तिथून “दादा, खाली ये” अशी हाक मारतेस. खालच्या मजल्याचा पुरस्कार करणाऱ्यांत मी तुला पहिल्या क्रमांकावर ठेवले होते. विमल, त्या खोलीत मी राहू शकणार नाही. तिथल्या खिडकीतून मोटारसायकलचे चाक दिसते. माझ्या खोलीतून मला कडुनिंब दिसतो, आणि पस्तीस वर्षे मी त्याच्याकडे पाहून विचार केला आहे.

काम सुरू झाले तेव्हा गणपतीच्या टाइलपाशी खटला अडला. सूर्यभानने सर्व फोडले आणि तेथे छन्नी खाली ठेवली. मी त्यास समजावले की प्राणप्रतिष्ठा नसलेली प्रतिमा म्हणजे भट्टीत भाजलेले चित्र. तो म्हणाला, “मंग तुमीच लावा ना छन्नी, सायेब.” मी छन्नी घेतली. (नंतर परत दिली. तिची मूठ ओली होती.) तेव्हा तो म्हणाला, “रोज चढतानी देवापाशी थांबता तुमी, डोये मिटून, भिंतीले हात लावून. सूनबाईनं सांगतलं मले. आन आता त्यालेच फोडाले लावता?”

येथे मी ज्यास उभयतः पाश म्हणतात त्यात सापडलो. तेथे मी थांबतो, डोळे मिटतो आणि भिंतीचा आधार घेतो, हे तिन्ही खरे. याची उपपत्ती दोनच प्रकारे लागते. एक, मी भाविक झालो आहे. दुसरी येथे लिहिण्याची आवश्यकता नाही. जिन्यात अद्वैत उभा होता, सूनबाई उभ्या होत्या, दोघेही माझ्या गुडघ्यांकडे न पाहण्याचा प्रयत्न करीत होते. मी पहिला पर्याय स्वीकारला. मी म्हणालो, होय, नमस्कार करतो. सबंध आयुष्य निरीश्वरवादी राहून, विमल, मी एका मिस्त्रीपुढे जिन्यात आस्तिक झालो. टाइल राहिली. तेव्हापासून सूनबाई तेथे रोज जास्वंदीचे फूल ठेवतात आणि मला ते पाहून मान लववावी लागते.

नवी फरशी बसली त्या दिवशी सूर्यभानने बजावले की दुसऱ्या संध्याकाळपर्यंत तिच्यावर पाऊल पडता कामा नये. म्हणजे जो जेथे असेल त्याने तेथेच राहावे. मी वर राहिलो. ताबा सोडला की हक्क जातो. जेवण पिशवीत घालून गॅलरीतून दोरीने वर ओढले. भाकरी सुखरूप आली, झुणका वाटेत कलंडला. समोरच्या गॅलरीतून धर्मपाल हा सोहळा पाहत होता. “काय सर, घरच्यायनं कोंडून टाकलं काय तुमाले?” मी उत्तरलो की प्रकरण विचाराधीन आहे. वर बसून मी सात मुद्द्यांचे हरकतपत्र लिहिले, ‘जाळीच्या दरवाजास व तदनुषंगिक स्थलांतरास’. भाषा बरी साधली होती.

दुसऱ्या संध्याकाळी ते खिशात घालून उतरलो. टप्प्यावर राखाडी फरशी, एक मंद दिवा, त्या लोखंडी पाइपांचा भिंतीलगत कठडा (बरोबर पेन्सिलीच्या रेघेवर), आणि गणपतीखाली काळ्या दगडाचा एक कट्टा होता. मी हरकतपत्र अद्वैतच्या हाती दिले. तो त्याच कट्ट्यावर बसून मोठ्याने वाचू लागला. तिसऱ्या मुद्द्यावर सूर्यभानने मान वळवून चारी बाजू पाहिल्या. “पन सायेब, दरवाजा हाय कुठी?” मी त्यास सांगितले की आज दरवाजा नसणे हे उद्या तो नसण्याचे प्रमाण होत नाही. खालच्या खोलीविषयी विचारले, तर तेथे फरशीची खोकी ठेवली होती असे कळले. सूनबाई म्हणाल्या, “बाबा, बसून तर पाहा. सतरा इंच ठेवलाय, तुमच्या खुर्चीएवढा.” मी बसलो नाही. सर्वांसमोर बसणे म्हणजे कबुलीजबाब. ती सर्व मंडळी गेल्यावर फरशीचे सांधे तपासण्याच्या निमित्ताने बसलो. सांधे सरळ आहेत.

तरीही माझा संशय पूर्णतः निवळला आहे असे समजू नये. ज्यांनी हा कठडा व कट्टा केला, त्यांना तो कोणी सुचवला, हा प्रश्न शिल्लक आहे. उत्तर अकोल्याच्या, म्हणजे तुझ्या घराच्या, दिशेने जाते. सविस्तर खुलासा पाठवावा.

तुझा,
दादा

ता. क. १. तो दगड गार लागतो. तुमच्या जिल्ह्यातील अकोटच्या कापसाची पातळ गादी करवून एसटीच्या पार्सलने पाठवावी. लांबी वीस इंच, रुंदी चौदा. कोणी विचारल्यास गणपतीच्या आसनासाठी आहे असे सांगावे. घरात माझी तशी ख्याती झालेलीच आहे.

ता. क. २. पाकीट बंद करण्यापूर्वी सूर्यभान विसरलेला ओळंबा नेण्यास आला. कट्टा एकट्यासाठी इतका लांब का, असे मी त्यास विचारले. म्हणाला, “अकोल्याच्या बाईनं फोनवर सांगतलं, दोन मानसं बसले पायजेत. म्हने, अकरा पायऱ्या चढते मी कशीतरी, मंग जमत नाई.” तुझ्या चार वर्षे खाली बसण्यावरून मी काढलेले अनुमान सदोष होते. ते मागे घेतो. गादीची लांबी वीसऐवजी बेचाळीस इंच करावी.

ता. क. ३. आलीस की डाव्या बाजूस बसावे. उजवी मला लागते, कारण उठताना कठडा त्या बाजूस येतो.