न हलणारा ब्रॅकेट

४ जानेवारी १९६२
दिग्रसच्या जिनिंगमध्ये ट्रक-सुपरवायझर होऊन महिना झाला. डिप्लोमावाला इथे मी एकटाच. शेठजींच्या ट्रकचा सायलेन्सर आज तिसऱ्यांदा गळून पडला. संकल्प: असा ब्रॅकेट डिझाइन करायचा की सायलेन्सर जन्मात हलणार नाही. पेन्सिलला टोक केले. एका दिवसाला एवढे पुरे.

९ जानेवारी
ड्रॉइंग तयार. पाव इंची पट्टी, चार बोल्ट. गुलाम नबी मिस्त्रीला दाखवले. वीस वर्षे गाड्यांखाली काढलेला माणूस. म्हणाला, साहेब, याले थोडं डुलू द्या, तापलं का पाइप लांबते, मंग तो जाईन कुठं? मी त्याला थर्मल एक्स्पान्शन म्हणजे काय ते समजावून सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले.

१३ जानेवारी
बसवला. हाताने हलवून पाहिला. ट्रक हलला, सायलेन्सर नाही.

१७ जानेवारी
आर्णीच्या अलीकडे ब्रॅकेट तुटला. दोष रस्त्याचा. शिवाय पट्टी बारीक. लोहाराकडून बैलगाडीच्या चाकाची जुनी धाव आणली. अर्धा इंच लोखंड.

२२ जानेवारी
धावेचा ब्रॅकेट बसवला. मिस्त्रीचे आपले तेच. म्हणे पुढे सैल कडी ठेवू, मागे जिथं ऊब कमी लागते तिथं जिनिंगच्या मशीनच्या जुन्या रबरी पट्ट्याचा तुकडा लावून लटकवू. मी चारचौघांत म्हणालो, इंजिनियरिंगमध्ये चिंध्या चालत नाहीत. बाकीचे हसले. तो खाली मान घालून बोल्ट आवळू लागला. तेव्हा थोडी लाज वाटली. पण शिस्त हवीच.

३० जानेवारी, संध्याकाळी
ब्रॅकेट शाबूत. पाइप मात्र त्याच्याशेजारी फाटला. म्हणजे तत्त्वतः डिझाइन यशस्वी. ठिणग्यांनी रुईची चार पोती पेटली. ती खाली ढकलताना ड्रायव्हर उत्तमसिंगचे तळहात भाजले. शेठजींनी विचारले, हे कोणी बसवलं? मी म्हणालो, गुलाम नबीने. यात खोटे काही नाही. बोल्ट त्यानेच आवळले. एक फेराही ढिला नको असे मी बजावले होते, पण ते शेठजींनी विचारले नाही.

३१ जानेवारी
मिस्त्रीला कामावरून काढले. जाताना मला सलाम करून गेला. जेवण गेले नाही. वांग्याची भाजी बाधली असावी.

१ फेब्रुवारी
संकल्प: उद्या शेठजींना खरे सांगायचे.

२ फेब्रुवारी
शेठजी पुसदला.

३ फेब्रुवारी
आले. पण घाईत होते.

६ फेब्रुवारी
आज शेठजी खुशीत. खुशीतल्या माणसाचा मूड कशाला बिघडवायचा?

१४ फेब्रुवारी
बायकोने, जयाने, विचारले, मिस्त्रीले काहून काढलं? म्हणालो, टेक्निकल कारण आहे. ती म्हणाली, म्हंजे तुमचं. बायकांना या विषयातले कळत नाही. तरी तिच्याकडे पाहवेना. गुलाम नबीकडे जाऊन माफी मागणार होतो, पण रमजान चालू आहे. उपाशी माणसाला त्रास नको. ईदनंतर.

२० फेब्रुवारी
धाव काढली. पुढे सैल कडी, मागे जिनिंगच्या पट्ट्याचा तुकडा. निव्वळ प्रयोग म्हणून.

५ मार्च
दोन आठवडे झाले, काही तुटले नाही. शेठजींनी सगळ्यांसमोर हार घातला आणि दुसऱ्या ट्रकलाही साहेबांचा पट्टा लावा म्हणाले. मी मान वर केली नाही. लोक म्हणाले, किती नम्र माणूस. इतकी लाज मला कधीच वाटली नव्हती. हार मात्र घरी आणला, फुले ताजी होती.

१० मार्च
ईद परवा झाली. गेलो. वाटभर वाक्य घोकले: मिस्त्री, चूक माझी होती, तुम्हाला परत घ्यायला सांगतो. गुलाम नबी अंगणात कोणाची तरी मोटार उघडून बसला होता. तोंड उघडणार तोच म्हणाला, मले मालूम आहे साहेब तुमी कायले आले ते. माझे डोळे भरून आले. तो म्हणाला, पट्ट्याचं माप पायजे ना? रस्त्यानं जाताना पाह्यलं मी, तुमी लई आखूड लावला, तुटन तो.
मी म्हणालो, हो, त्यासाठीच आलो.
त्याने बोटे लावून दाखवले. नऊ इंच. लिहून घेतले. त्याच्या बायकोने, हजराबीने, शिरखुर्मा दिला. दोन वाट्या खाल्ला.